डावी बाजू

"बोलू द्या म्हाताऱ्याला. नंतर बघू."

वाक्य हळूच आलं होतं, पण ते डावीकडून आलं होतं, म्हणून कुलगुरूंना आधी ते कुणा माणसाचं वाटलंच नाही. डावीकडून काही येत नाही, हा त्यांच्या आयुष्याचा जुना नियम होता. लांबलचक टेबलाच्या टोकाला, पाठीशी खिडकी घेऊन ते बसले होते. कारकिर्दीतली शेवटची बैठक चालू होती आणि नव्या इमारतींबद्दलचं त्यांचं वाक्य निम्म्यावर आलं होतं. कालपासून डाव्या कानामागे, पांढऱ्या केसांच्या आड, शेंगदाण्याएवढं एक यंत्र बसलं होतं आणि सकाळपासून त्यातून नुसता कचरा आत येत होता. खुर्चीची कुरकुर, पेनाचं टोपण काढल्याचा आवाज, कुणाच्या तरी पोटातली गुरगुर, पंख्याची धाप. एवढी वर्षं या खोलीत इतकं काही वाजत होतं आणि आपण शांततेत बसलो होतो, याचं त्यांना नवल वाटत होतं. मग त्या कचऱ्यातून हे वाक्य आलं, धुतल्यासारखं स्वच्छ. कुलगुरू थांबले नाहीत. अर्धं राहिलेलं वाक्य त्यांनी पूर्ण केलं, कारण बोलता बोलता थांबणं म्हणजे हरणं असं त्यांचं मत होतं. त्यांनी फक्त उजवीकडे पाहिलं. तिथे बसलेली मंडळी गंभीरपणे माना डोलावत होती. आजवर त्यांना वाटायचं, या माना आपल्या बोलण्याला डोलतात. आज पहिल्यांदा त्यांच्या लक्षात आलं की माना जरा उशिराच डोलतात, डावीकडचं बोलून झाल्यावर.

लहानपणी त्यांचा डावा कान वाहायचा. आई कापसाचा बोळा घालायची, बोळा बदलायची, आणि पोरगं थोर होईल तसं बरं होईल म्हणायची. पोरगं थोर झालं, कान काही बरा झाला नाही. मोठ्यानं बोललेलं भिंतीपलीकडून आल्यासारखं यायचं, हळू बोललेलं तर यायचंच नाही. पण ज्याला डाव्या बाजूचं ऐकू येत नाही तो उजवीकडे बसायला शिकतो, आणि जो नीट बसायला शिकतो तो पुढेमागे इतरांना बसवायलाही शिकतो. कुलगुरू झाल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी टेबलाभोवतीच्या जागा ठरवून टाकल्या. कामाची माणसं उजवीकडे. कटकटी, तक्रारखोर, मुद्द्याला फाटे फोडणारी सगळी डावीकडे. तिकडून कुणी तावातावानं काही मांडायला लागलं की ते तिकडे तोंड करून, डोळे बारीक करून, मान हलवायचे आणि माणूस गप्प झाला की उजवीकडे वळून पुढचा विषय घ्यायचे. लोक म्हणायचे, सर सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात. ते ऐकून त्यांना एकट्यात हसू यायचं. त्यांचा प्र-कुलगुरू मात्र आपणहून डावीकडे बसला होता. मृदू आवाजाचा, मृदू चेहऱ्याचा, दार उघडतानाही दाराची क्षमा मागेल असा माणूस. कुलगुरू त्याला मनातल्या मनात 'मवाळ' म्हणत. "मी इथंच बरा, सर," असं म्हणून तो त्यांच्या डाव्या कोपराशी बसला आणि वर्षानुवर्षं तिथेच बसत आला. कुलगुरूंनी तो त्याचा नम्रपणा समजला. आता त्यांना ते आठवलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

तरी त्यांनी खात्री करून घ्यायची ठरवलं. शिकार करायची तर सावज आधी नीट दिसलं पाहिजे. समोरचा विषय सोडून ते मुद्दाम आठवणींत शिरले. म्हणाले, "काही कटू निर्णयही घ्यावे लागले. ध्वनी विभाग बंद केला तेव्हा केवढी ओरड झाली होती. पण मी मागे हटलो नाही." उजवीकडे नेहमीसारखी शांतता होती. डावीकडून मवाळचा आवाज आला, ओठ न हलवता बोलणाऱ्या माणसाचा, सरावलेला: "कुठला बंद! मागच्या दारानं जोरात चालू आहे. नाव तेवढं बदललंय. परवाच नवी यंत्रं आली." त्याच्या पलीकडे कुणीतरी नाकातून हसलं. कुलगुरूंनी डावीकडे तोंड केलं, डोळे बारीक केले आणि मान हलवली. मवाळनंही आदरानं मान हलवली. कान असा तापला होता की यंत्र वितळेल असं त्यांना वाटलं.

ध्वनी विभाग म्हणजे बाई. बाई म्हणजे एक जुना ठसठसता फोड. तेव्हा दोघेही नव्यानं शिकवायला लागलेले. शिक्षकांच्या खोलीत एक मोठं गोल टेबल होतं आणि सगळे तिथे चहा घेत. बाई माणसाच्या कानाचा आणि आवाजाचा अभ्यास करायची, सडपातळ, केसांत आडवी काळी पिन खोवलेली, समोरच्याकडे रोखून बघायची सवय. एक दिवस ती त्यांच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली आणि काहीतरी बोलली. ते आपले उजवीकडच्या माणसाशी विनोद करत राहिले. ती पुन्हा बोलली. मग समोर आली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा सरळ आवाजात म्हणाली, "तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तपासून घ्या, उपाय आहे." बस्स, एवढंच. तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला. कपबशा थांबल्या. कुणीतरी "काय?" म्हणून कानाला हात लावला आणि हशा पिकला. ते स्वतःही हसले, सगळ्यांत मोठ्यानं. घरी येऊन मात्र आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी मनाशी खूणगाठ बांधली: या बाईला एक दिवस दाखवायचंच. माणसं कर्तृत्वासाठी मोठी होतात, पैशासाठी होतात, आईबापांसाठी होतात. आपण कशासाठी झालो, असा प्रश्न कुलगुरूंना क्वचित पडायचा, तेव्हा ती पिन डोळ्यांसमोर यायची. खुर्चीवर आल्यावर त्यांनी वर्षभर वाट पाहिली, घाई दिसू नये म्हणून. मग खर्च, जागा, विद्यार्थ्यांची संख्या अशी सगळी सभ्य कारणं पुढे करून तिचा विभाग बंद केला. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली होती. पुढे कधीही दगदग झाली, कुणी उलटून बोललं, की ते त्या बंद विभागाची आठवण काढायचे, आणि थंडीत हात शेकावेत तसं वाटायचं. शिक्षकांच्या खोलीतल्या त्या हशात एक अगदी कोवळा पोरसवदा शिक्षकही होता, दाराशी उभा, हसावं की नाही हे न कळलेला. तो मवाळ होता. हे त्यांना आत्ता, या टेबलाशी, इतक्या वर्षांनी आठवलं.

घरी आल्यावर ते जेवणाच्या टेबलाशी बसले. लेक आज डावीकडे बसली. आई गेल्यापासून ती उजवीकडेच बसायची, पण आता यंत्र आहे म्हटल्यावर तिला गंमत वाटत होती. तिच्या बांगडीचा आवाज त्यांना पहिल्यांदाच ऐकू आला. एरवी त्याचं त्यांना कौतुक वाटलं असतं.

"ते केंद्र कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"कुठलं?"

"आडून विचारतोय असं समजू नकोस. कान जिथे बसवून आणलास ते."

लेकीनं चमचा खाली ठेवला. "तुमचंच आहे, बाबा. तुम्ही बंद केलेलं."

"आणि तू मला तिथे नेलंस."

"चांगलं आहे म्हणून नेलं. लांबलांबून लोक येतात. सांगितलं असतं तर आला असतात का?"

ते उठले. मागून ती अगदी हळू, स्वतःशी पुटपुटली, "जन्मभर एकच धरून बसायचं," आणि तेही त्यांना ऐकू आलं. आपल्याला सगळं ऐकू यावं अशी ज्याची इच्छा असेल त्यानं एकदा हे यंत्र घालून बघावं, असं त्यांच्या मनात आलं. खोलीत जाऊन पडले तरी डोळ्यांसमोर कालची सकाळ येत राहिली. गाडी एका बोळात शिरली होती, जुन्या कार्यशाळांच्या मागे. त्या बाजूनं ते कधी आलेच नव्हते. कुलगुरू कशाला मागच्या बाजूनं येतील? साधं दार, वर 'श्रवण केंद्र' अशी पाटी. एका मुलीनं त्यांना छोट्या बंद खोलीत बसवलं. त्या खोलीच्या भिंतींना जाड कापड लावलेलं, दार लोटलं की स्वतःच्या श्वासाचा आवाजसुद्धा विझायचा. कानावर यंत्र, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. त्या शांततेत ते घामाघूम झाले होते, परीक्षेला बसलेल्या पोरासारखे. काचेच्या पलीकडे ती मुलगी होती आणि तिच्या मागे पाठमोरं कुणीतरी वयस्कर बसलं होतं, वाकून काही बघत. मुलगी नंतर म्हणाली होती, "कानाजवळ हात नेलात, कुणी अगदी जवळ आलं, की शिट्टी वाजेल हं. घाबरू नका. आठवडाभरानं या, कमी करून देऊ." ती पाठमोरी आकृती त्यांनी तेव्हा नीट पाहिली नव्हती. आता झोपेच्या काठावर ती पुन्हा पुन्हा येत होती आणि वळत नव्हती.

निरोप समारंभाला अजून काही दिवस होते. ते दिवस कुलगुरूंनी विद्यापीठाच्या आवारात हिंडण्यात घालवले. बघणाऱ्यांना वाटलं, सर हळवे झालेत, एकेका भिंतीचा निरोप घेतायत. ते आपल्या हुकमांची प्रेतं शोधत होते आणि त्यांना एकही सापडत नव्हतं. जो दरवाजा त्यांनी विटा घालून बुजवायला सांगितला होता, तिथे पुढून कपाट लावलेलं होतं आणि कपाटाच्या मागून पोरं ये-जा करत होती. वाद घालणाऱ्या ज्या प्राध्यापकाला त्यांनी लांबच्या केंद्रावर धाडलं होतं, तो तळमजल्यावर फळ्यासमोर उभा होता, खडूनं माखलेला आणि सुखी. त्यानं त्यांना पाहून नमस्कार केला, जरासुद्धा न दचकता. ज्या बागेत बसायला त्यांनी बंदी घातली होती ती बाग बसलेल्यांनी भरली होती. ते समोरच्या रस्त्यानं यायचे तेव्हा ती रिकामी असायची, एवढंच. म्हणजे आपण कुणाचंच काही वाकडं करू शकलो नाही. एवढी वर्षं दातओठ खाल्ले, ते हवेतच. बरं, लोकांनी विरोध केला असता, मोर्चे काढले असते, तर त्यातही एक इभ्रत होती. यांनी नुसती मान हलवली. मवाळनं डाव्या कोपराशी बसून, एकदाही आवाज न चढवता, राज्य केलं. आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं, शिपायापासून. वाघ म्हणून मिरवलो आणि घरच्यांनी मांजर म्हणून पाळलं. या विचारापाशी आलं की ते जिथे असतील तिथे थांबायचे, झाडाला हात लावून.

सूड कसा घ्यायचा हे मात्र त्यांना चटकन सुचलं. त्या कामात त्यांचं डोकं कधी मंदावलं नव्हतं. या विद्यापीठात जुनी पद्धत होती: जाणाऱ्या कुलगुरूनं निरोपाच्या भाषणात पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि मंडळाच्या अध्यक्षांनी उभं राहून ते मान्य करायचं. नाव मवाळचंच येणार असं जो तो धरून चालला होता. कुलगुरू ते घेणार नव्हते. ते सगळ्यांसमोर अध्यक्षांना सांगणार होते की मंडळाचा निर्णय या माणसानं पायदळी तुडवला, बंद केलेला विभाग चोरून चालवला. एका दगडात दोन पक्षी. मवाळची खुर्ची जाईल आणि बाईचा विभाग आता खरोखर बंद होईल. त्यांनी स्वतः कार्यालयात फोन करून बाईला आमंत्रण द्यायला लावलं. पहिल्या रांगेतली, मधली खुर्ची. बघू दे तिला. लेकीनं विचारलं, "बाईंना का बोलावलंत?" तर म्हणाले, "जुन्या ओळखी." ती त्यांच्याकडे बघत राहिली, तिची आई बघायची तशी.

समारंभाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. फुलांचा वास, नव्या कपड्यांची सळसळ, खोकले. आता ते सगळे आवाज त्यांना ओळखू यायला लागले होते. बाई आली होती. केस पांढरे, हातात काठी, पिन तीच. व्यासपीठावर उजवीकडे लेक, डावीकडे मवाळ, त्याच्या पलीकडे अध्यक्ष. भाषणांमागून भाषणं झाली, ज्यानं त्यानं हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मग कुलगुरू बोलायला उभे राहिले. सुरुवातीला आभार, आठवणी, एक छोटासा विनोद. लोक हसले. मग त्यांनी बाईकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "जाता जाता एक काम पुरं करायचं आहे. ध्वनी विभाग बंद करण्याचा निर्णय या मंडळानं घेतला होता. तो विभाग बंद झालेला नाही. तो मागच्या दारानं चालू ठेवण्यात आला, आणि कुणी चालू ठेवला हे मी आज..."

"बोलू द्या," डावीकडून मवाळ म्हणाला. "शेवटचाच दिवस आहे. नंतर बघू."

"हो, हो," अध्यक्ष पुटपुटले. "मला ठाऊक आहे ना. माझी नात तिथेच जाते. बोलू द्या."

कुलगुरूंच्या तोंडचं वाक्य तिथेच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा ते बोलता बोलता थांबले. ज्याच्याकडे तक्रार करायची तोही डावीकडचाच निघाला होता. पुढे काय होणार ते त्यांना लख्ख दिसलं. ते बोलतील, माना डोलतील, टाळ्या पडतील, आणि संध्याकाळी चहाच्या टेबलाशी लोक म्हणतील, म्हाताऱ्याची जित्याची खोड. विभाग उद्याही चालू राहील. त्यांनी माइकवर तळवा ठेवला आणि सावकाश डावीकडे वळले.

"काय नंतर बघू?"

मवाळनं नेहमीसारखी आदरानं मान हलवली. मग त्याला प्रश्न कळला. "सर?"

"नंतर बघू म्हणालात. काय बघणार आहात?"

"तुम्हाला... ऐकू आलं?"

"येतं."

मवाळचा मऊ चेहरा पिठासारखा झाला. "कधीपासून, सर?"

खरं उत्तर अगदी छोटं होतं: गेल्या आठवड्यापासून. ते दिलं असतं तर सगळी वर्षं यांचीच राहिली असती. ती सगळी नाकातली हसणी, ते 'नंतर बघू', सगळं यांनी हक्कानं घरी नेलं असतं, आणि आपल्या वाट्याला शेवटचा एक आठवडा. कुलगुरूंच्या आत काहीतरी थंडगार, धारदार उभं राहिलं. त्याच वेळी त्यांना त्याची किंमतही दिसली. सगळं ऐकू येत होतं म्हणायचं, तर सगळं चालवून घेतलं म्हणावं लागेल. तो दरवाजा, ती बाग, तो खडूवाला. आणि बाई. पहिल्या रांगेत ती काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. दोन सूड समोर होते आणि जीभ एकच होती. ज्या सुडावर ते जन्मभर हात शेकत आले तो विझवला, तरच हा दुसरा पेटणार होता. मवाळ तोंड उघडं ठेवून उत्तराची वाट बघत होता.

"पहिल्यापासून," कुलगुरू म्हणाले.

मवाळच्या डोळ्यांत वर्षं मागे मागे धावू लागलेली त्यांना दिसली. एकेक बैठक, एकेक शब्द, त्यांच्याबद्दल, त्यांच्या बायकोच्या आजारपणाबद्दल कदाचित, देव जाणे आणखी कशाकशाबद्दल. ते बघायला इतकं गोड होतं की कुलगुरूंना क्षणभर घाईच करवेना. मग त्यांनी माइकवरचा हात काढला आणि सभागृहाला म्हणाले, "तो विभाग कुणी चालू ठेवला हे मी आज सांगणार आहे. मीच. कागदावर बंद करावा लागला, पण माझ्या या सहकाऱ्याला मी मुद्दाम डावीकडे बसवलं होतं, जे उघड करता येत नाही ते त्यानं गुपचूप करावं म्हणून. त्यानं माझी प्रत्येक इच्छा न सांगता ओळखली. स्वतःच्या मनानं एकही गोष्ट केली नाही. म्हणून पुढचं नाव त्याचंच." टाळ्यांचा असा कडकडाट झाला की यंत्रानं किंकाळी फोडली. मवाळचं आयुष्यभराचं एकमेव कर्तृत्व त्यांनी भर सभेत काढून घेतलं होतं, आणि बदल्यात त्याला खुर्ची दिली होती. बसताना ते त्याच्याकडे वाकून म्हणाले, "अभिनंदन. आता तुमच्या डावीकडे कोण बसतंय त्यावर लक्ष ठेवा."

नंतर चहा होता. लोक गराडा घालून उभे होते, काहींचे डोळे ओले होते. सरांबद्दल आपण किती चुकीचं समजलो, असं त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं, आणि लेकीच्या चेहऱ्यावर काय होतं ते कुलगुरू बघत नव्हते. मग गराडा बाजूला झाला आणि काठी टेकत बाई आली. ती येताना तिची वाकलेली पाठ त्यांना कडेनं दिसली, आणि काचेपलीकडची ती आकृती अखेर वळली. लेक सोडली तर या सगळ्या गर्दीत खरं काय ते ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते हे. लेक बोलणार नाही. हिला न बोलण्याचं काही कारण नव्हतं. मवाळही कुठूनतरी पुढे आला होता. इतक्या वेळात त्यानं विचार केला होता. मृदू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यानं विचारलं, "बाई, तुम्हीच नाही का तेव्हा शिक्षकांच्या खोलीत म्हणाला होतात, सरांना डाव्या कानानं ऐकू येत नाही म्हणून?"

कपबशा थांबल्या. बाईनं कुलगुरूंकडे तशीच रोखून पाहिलं. त्यांना वाटलं, बोल. एकदाची बोल आणि मोकळी हो. तिच्या जागी ते असते तर त्यांनी एक श्वासही वाया घालवला नसता.

"म्हणाले होते खरी," बाई म्हणाली. "तरुण होते. चुकलं असेल माझं."

लोक हसले, कपबशा पुन्हा वाजू लागल्या. कुलगुरूंना वाटलं, हिनं चारचौघांत थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. तिची दया अंगावर शालीसारखी पांघरून उभं राहण्यापेक्षा ते सोपं गेलं असतं. तिच्याबद्दलचा जुना राग त्यांनी आत चाचपून पाहिला. तो होता तिथेच होता, तसाच गरम, पण आता त्याचं करायचं काय हे त्यांना कळेना. बाई त्यांच्या डाव्या बाजूला आली, इतकी जवळ की यंत्र बारीक वाजू लागलं.

"शिट्टी येतेय," ती अगदी हळू म्हणाली. "सोमवारी या, कमी करून देते. मागच्या दारानं या."

कुलगुरूंनी तिकडे तोंड केलं, डोळे बारीक केले आणि इतकी वर्षं हलवत आले होते तशीच मान हलवली.